प्रकाशभियाच्या नावावर माही ट्राइक

११ जाने., रवि

आली एकदाची. लोहाऱ्याच्या कंपनीतून पिकअपच्या डाल्यात, उलटी टाकून. अर्धा तांडा पाहाले जमला. दोन चाकं समोर, एक मागं, मधात आडवं पडून बसाची सीट (जुन्या खाटेची निवार विनली), पायडल पार समोर, नाकाच्या लाइनीत. कोनी म्हने खाट, कोनी म्हने डवरा. "पोरगं वेल्डिंग कराले गेल्तं, पाळना करून आनला."

माह्या बापूनं एक चक्कर मारून पाह्यलं.
"पेट्रोल कुठी टाकते?"
"पायानं चालते बापू."
"मंग पाय तं तुह्याजवळ पयलेच होते."

फाटकातून आत जात नाई. चार बोटं रुंद झाली. माप मीच घेतल्तं. डिप्लोमा मेकॅनिकल! गोठ्यात ठेवली, गोऱ्ह्याच्या बाजूनं. आठ महिने जेवनाच्या सुट्टीत भंगारातला चौकोनी पाइप कापून बनवली. शिफ्ट बंद झाली, नोकरी गेली, हे मात्र घेऊन आलो. हासा लेकहो.

१३ जाने., मंगळ

समोरची चाकं लचकत होती. प्रकाशभियाकडं नेली. मोठ्या काकाचा पोरगा, पन माह्याहून बारा वर्षं मोठा. मोटर वायंडिंग, फवारनीचे पंप, स्पोक, काहीही द्या. दोन्ही पाय पोलिओनं लहानपनीच गेले. त्याची हाताच्या पायडलवाली तीनचाकी मागच्या वर्षी मधातून तुटली, तवापासून बेअरिंगच्या पाटावर सरकत फिरते. दीड घंटा अंगनात बसून दोन्ही चाकं सरळ केली. कान लावून स्पोक वाजवते, सतारीसारखा.

म्हन्ते होळीच्या आधी फाट्यावर बसाचं. टपरी ठरली आहे. कूलर बाहेर निघाले का लोकं मोटरा घेऊन रांगेत. इथून फाटा तीन कि.मी. पाटावर होत नाई. पंचायतीच्या यादीत नवीन तीनचाकीसाठी त्याचं नाव पयलं आहे.
"माही येऊ दे," म्हने, "मंग रेस लावू. तू पायानं, मी हातानं."

पयली राइड: वीस फूट. हँडल सीटच्या खाली, हात कमरेजवळ. डोकं म्हन्ते उठून बस, सायकल म्हन्ते पडून राह्य. डावीकडं वळाचं होतं, उजवीकडच्या काट्यात गेलो.

१६ जाने., शुक्र

आज पाय गेला असता.

शाळेजवळच्या चढावर मागून कोनतरी ढकललं. "बिचाऱ्याले चढत नाई." मदत! धक्का बसला, पाय पायडलवरून घसरला, खाली जमिनीले लागला अन् गाडी त्याच्यावरून पुढं. टाच आत ओढली गेली. व्हिडिओत सांगतात हे, पयला धडा हाच: पाय बांधा. मी बांधले नोते. घोटा सुजून कोहळा.

ढकलनारा उभा राहून म्हन्ते, "पाय हलते का रे तुहा?"
हलते! पायानंच चालवून राह्यलो ना बे!

आता जुन्या सॅन्डलचे पट्टे पायडलले रिव्हेट करतो.

१९ जाने., सोम

घोटा बरा. आर्णीले जाऊन नवी चेन आनली (अडीच चेनी जोडून एक होते). बस स्टँडवर ट्राइक लावून पानी पेत होतो. एक आजी आली, डोक्शावर हात ठेवला. "जन्मापासून हाय का बाप्पा?"
मी उठून उभा राह्यलो. आजी दचकून मागं सरकली. मंग तीच चिडली, "नाटकं करते का रे?"

म्हंजे बसलो तं बिचारा, उभा राह्यलो तं चोर.

२२ जाने., गुरु

कुत्रे. कुत्र्याचं तोंड अन् माहं तोंड एका लेव्हलले. हे कोनी व्हिडिओत सांगत नाई.

याडीनं (माय माही) तिच्या जुन्या फेटियाचा, घागऱ्याचा तुकडा दिला, आरशांचा. बांबूले बांधून मागं झेंडा लावला. ट्रकवाल्याले दिसतो तरी.

भियापाशी रडलो लोकाइच्या नावानं. थो हासला. "दहा दिवस झाले तुले. दहा दिवसात एवढा तापला? मले पस्तिसावं लागलं."
माहा राग मात्र गेला नाई. भियाचा काहून जाते?

२६ जाने., सोम

आज मस्त दिवस. झेंडावंदनाले ग्रामसेवकानं निरोप धाडला, "तुही सायकल धुऊन घेऊन ये, सत्कार करू." सकाळीच घासली. ट्राइकच्या बूमले (समोरचा पायडलवाला पाइप) झेंडूची माळ, मले शाल, नारळ. ग्रामसेवक माइकवर म्हने, आपल्या तांड्याचा इंजिनिअर. (डिप्लोमा. असो.) बापू मागच्या लाइनीत उभा होता, हात बांधून, पन हासत होता.

फोटो काढताना म्हन्ते, "शाल पायावर टाक, चांगला येते." टाकली.

मंग तीन पानं, सही कर म्हने. वरती "प्रजासत्ताक दिनानिमित्त". खाली बारीक अक्षर, सदरहू, उपरोक्त, काय काय. मी विचारलं हे काय होय.
"शाल-नारळाची पोच होय बे. इंग्लिश मीडियम ना तू? इंग्रजीत कर, चालते."
सगळे हासले. केली. तिन्ही पानावर, झोकात.

भिया आला नोता. ग्राउंडवर मुरूम टाकला आहे, पाट चालत नाई. नारळ त्याले नेऊन दिला.

२९ जाने., गुरु

२२ कि.मी.! एकदाही उतरलो नाई. ब्रेक जमले: दोन्ही हातात दोन, एकच दाबला तं गाडी त्या बाजूले फेकते, बरोबरीनं दाबाचे. उतारावर जमीन बुडाखालून पळते, हाताएवढ्यावर. कपाशीचे पराटे उपटून झाले, शेतं मोकळी, वरती नुसतं आभाळ. साध्या सायकलवर आभाळ दिसतच नाई, मान खाली. यवतमाळपर्यंत जातो मी हिच्यावर, लिहून ठेवा.

५ फेब्रु., गुरु

दुपारी भियाचा व्हॉट्सअ‍ॅप. नुसता फोटो.

मी. शाल पायावर. माळ. ग्रामसेवकाचा हात हँडलवर. खाली छापेल: "दिव्यांग लाभार्थी श्री. प्रकाश यांस तीनचाकी सायकल वाटप."

चार वेळा वाचलं. मंग भियाकडं पळत गेलो, चप्पल बी घातली नाई.

तो मोटरची तार गुंडाळत होता. वर पाह्यलं नाई. त्यानं सकाळी तालुक्याच्या ऑफिसात फोन लावल्ता, माही सायकल कवा येते म्हनून. तिकडून म्हने, भेटली ना तुम्हाले, हा पाहा फोटो, तीन ठिकानी सही बी आहे घरच्या मानसाची.
"भिया, मले खरंच माहीत नोतं."
"वाचता येत नाई का तुले?"
"येते."
"मंग?"

त्याचं तार गुंडाळनं चालू. मोजत होता, वेढे चुकले नाई त्याचे.

६ फेब्रु., शुक्र

ग्रामसेवक (आतापासून ग्रासे. पूर्ण लिहाची लायकी नाई) पंचायतीत भेटला. चहा मागवला.

"ओरडू नोको. तालुक्याले गाडी आली, त्यात एक कमी आली. वरून म्हने महिना संपाच्या आत फोटो टाका. माही नोकरी आहे बे. कोन खाल्ली त्याची सायकल? आली का देऊ."
"कवा येईल?"
"मागावी लागन."
"मंग मागा ना."
"आता कशी मागू? कागदावर तं देल्ली."
सोताचंच ऐकून हासला. खरंच हासला.

"पाय झाकाले काहून लावले साहेब?"
"चहा थंडा होऊन राह्यला."

नाई पेलो. लई मोठा तीर मारला, चहा नाई पेलो! टेबल उलटाचा होता. टेबलावर लोकाइचे दाखले होते म्हनून नाई उलटला, की भ्यालो, माहीत नाई.

७ फेब्रु., शनि

गोठ्यात जाऊन ट्राइकले लाथ मारली. अंगठ्याचं नख गेलं. गोऱ्हा पाहत होता.

शंभर वेळा तेच डोक्शात येते. शाल मीच टाकली. कोनी हात धरला नोता. सत्कार! इंजिनिअर! दोन मिनिटं माइकवर नाव घेतलं अन् मी भियाचे पाय विकले.

१० फेब्रु., मंगळ

तालुक्याच्या ऑफिसात गेलो, बसनं. अर्ज इंग्रजीत टाइप करून नेल्ता, दोन पानं. योजनेच्या टेबलावरच्या मॅडमनं पाह्यला, परत केला. "मराठीत लिहून आणा." पायरीवर बसून लिहिला. बाजूच्या स्टॅम्पवाल्या काकानं सात चुका काढल्या. "कुठं शिकला रे?" म्हने. सातही दुरुस्त केल्या.

मॅडम वाईट नाई. पूर्ण वाचला. चष्मा काढला.
"सही तुमचीच?"
"हो."
"म्हणजे खोटं तुम्हीच लिहून दिलं."
"मले माहीत नोतं काय लिहिलं आहे ते."
"असं मी फाइलवर कसं लिहू?"

मंग नियम सांगतला. वाटप रद्द कराचं तं वस्तू ऑफिसच्या शेडमध्ये जमा कराची. वस्तू आली, पोच फाटली, का प्रकाशचं नाव परत यादीत चढते.
"मॅडम, वस्तू आलीच नाई. फोटोतली माही आहे. मी बनवली. लोहाऱ्याले."
"बिल आहे?"
भंगाराचं बिल कोन देते?
"फोटोतली हीच ना?"
"हो."
"मग जमा करायची ती हीच."

बसमध्ये खिडकीची जागा भेटली. काय पाह्यलं आठवत नाई.

११ फेब्रु., बुध

भियाले सांगतलं, मी जमा करतो. वाटलं होतं थो शांत होईल. उलट पयल्यांदा माह्यावर ओरडला, हातातली पक्कड भिंतीवर फेकून.

"माह्यावर उपकार करतं का? आठ महिन्याची मेहनत शेडमध्ये सडवशील अन् जलमभर सांगत फिरशील, भियासाठी देल्ली!"
"मंग काय करू सांग!"
"मले काय विचारतं! सही करताना विचारलं होतं?"
"दुसरा रस्ता नाई."
"हा बी रस्ता नाई. तुही जाईल अन् माही येनार नाई. याच लोकाइच्या हातात देतं ना? ज्याइनं नसलेली देल्ली, ते जमा झालेली बी गायब करतीन."

काकी मधात आली, दोघाइले गप केलं. येताना अंगनात त्याचा पाट दिसला. एक बेअरिंग जाम झालं आहे, रेती गेली. कवापासून आहे माहीत नाई. मी रोज येतो इथी.

१६ फेब्रु., सोम

ग्रासेनं बापूले रस्त्यात थांबवलं. "पोराले समजवा."

बापू जेवताना म्हने, "जाऊ दे. त्याच्या हातूनच सगळे कागद जातेत. नुकसानीचा पंचनामा, दाखले. तांड्यातल्या एकाही घराचं काम त्याच्याबिगर होत नाई."
मी ताट सरकवलं. "मले इंग्लिश मीडियमले कायले टाकलं मंग? साहेबासमोर मान खाली घालाले?"
बापूनं घास संपवला. पानी पेला.
"तुले वाचता यावं म्हनून टाकलं."

याडीनं दोघाइकडं पाह्यलं नाई, चुलीकडं पाह्यलं. मी उठून गेलो. ताट तसंच.

१८ फेब्रु., बुध

सकाळीच निघालो. कोनाले सांगतलं नाई. याडी फाटकात, "कत जारो छी?" कुठी चाललो मलेच माहीत नोतं. फाट्यावरून डावीकडं वळलो अन् पायडल मारत राह्यलो.

रागात चालवाची गाडी नाई ही. साध्या सायकलवर उभं राहून दाबता येते, राग पायात उतरते. हिच्यावर पाठ टेकलेली, जेवढं जोरात ढकललं तेवढी सीट पाठीले ढकलते. गुडघे तेवढे बोंबलले. तरी १८ कि.मी. गेलो. घाटाच्या उतारावर दोन्ही ब्रेक सोडून देल्ले. वळनावर आतलं चाक उचललं, अंग आत टाकून खाली बसवलं. सोतापाशीच ओरडलो, हाऽऽ! दहा सेकंद काहीच आठवलं नाई. ना फोटो ना सही.

मंग आठवलं. मंग जास्तच राग आला, की मले हे भेटते.

परत येताना फाट्यावर टपरीवाला भेटला. म्हन्ते, "प्रकाशले सांग, होळीपर्यंत थांबतो. मंग रसवंतीवाला मागून राह्यला." होळीले दोन आठवडे बी नाई.

भियाले सांगतलं. हं म्हने, बस.

२० फेब्रु., शुक्र

मॅडमचा फोन. सोमवारी वस्तू घेऊन या, शेडची चाबी त्या दिवशी भेटते.

ट्राइक पूर्ण खोलली. चेन रॉकेलनं धुतली, बेअरिंगात ग्रीस भरलं, निवार कसली. जमा कराच्या गाडीले कोनी ग्रीस भरते का? भरलं. खराब देनार नाई मी. अन् याडीनं विचारलं तवा तिच्यावरच ओरडलो, बिनकामाचा.

भियाच्या पाटाचं बेअरिंग बी बदललं. थो दारात बसून पाहत होता.
"सोमवारी देतं?"
"हाव."
"किती वाजता?"
"बारापर्यंत पोचन. तुले काय कराचं?"
"मी येतो."
"कसा?"
"तुले काय कराचं?"

२३ फेब्रु., सोम

ऑफिसच्या पायरीवर बसून लिहून राह्यलो. साडेचार वाजले.

निघालो साडेनऊले, १४ कि.मी., पोचलो अकराले. पाहतो तं बापूची मोटरसायकल आधीच गेटवर. मागं भिया, बापूच्या पोटाले गमछ्यानं बांधेल. पाट डिक्कीले अडकवेल होता.

मॅडमनं रजिस्टर काढलं. शिपाई चाबी घेऊन शेड उघडाले गेला. आत तुटके टेबल, जुन्या पाट्या, वाळवी लागेल फायली. म्हने लावा इकडं, कोपऱ्यात.

तवा भिया म्हने, "मले उचल."
"कुठी?"
"सीटवर बसव. कवापासून पाहून राह्यलो तुही खाट."

बापूनं अन् मी उचलला. हलका आहे, कधी उचलला नोता त्याले. सीटवर टेकला. पाय मी धरून बूमवर ठेवले, पट्ट्यात बसत नोते, घसरत होते, मंग बापूनं गमछ्यानं बांधले. भियानं मागं डोकं टेकवलं, वर पाह्यलं. "आरामाची आहे बे," म्हने.

शिपाई म्हने, "उतरा आता, आत घ्याची आहे."
"मी नाई उतरत."
"अहो जमा कराची आहे ना?"
"कागदावर कोनाची आहे?"
शिपायानं मॅडमकडं पाह्यलं. मॅडमनं रजिस्टरकडं.
"प्रकाशची," भिया म्हने. "मीच तो. मी जमा नाई करत. मले चालवता येत नाई, पायडल पायाचे हायेत, हाताची मले भेटलीच नाई, तसं लिहा अन् खाली माही सही घ्या. अन् फोटो काढा आता. पायासकट."

कोनीच फोन काढला नाई. बाकीच्या टेबलावरचे उठून खिडकीत आले. मॅडम म्हनाल्या, साहेबांना विचारावं लागेल. साहेब दौऱ्यावर. ग्रासेले फोन लावला, त्यानं तीनदा कट केला, मंग म्हने येतो. एक वाजता म्हने येतो. तीनले म्हने निघालो. मी म्हनलं मी बी लिहून देतो, सही मीच केली, जे माह्यावर लागते ते लागू द्या. मॅडम म्हनाल्या, "ते नंतर. आधी यांना उतरवा."

बापू भियाच्या बाजूनं जमिनीवर बसला आहे, ग्रासे आपल्यासमोर येईल हे माहीत असून. दोघं कपाशीच्या भावावर बोलून राह्यले. बापू उठला नाई अजून.

सव्वापाचले ऑफिस आवरतात म्हने. शिपाई दोनदा आला, सीटच्या मागं हात लावून पाह्यला, सरकते का.

भियानं मले आवाज देल्ला.
"अबे, ब्रेक कोनता?"
"दोन्ही हाताले आहे. बरोबरीनं दाबाचे."
दाबले त्यानं. हात आहेत भियाचे, मोटरा खोलनारे. शिपायानं परत ढकलून पाह्यलं. हलली नाई.

फाटकात मोटरसायकलचा आवाज आला. ग्रासेच असन, पाहतो.